जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारा

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑस्वेगो नावाचा परगणा आहे. तेथील लायकमिंग या खेड्यात १८ एप्रिल १९४० रोजी चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण होते. गावातल्या लोकांनी आपापल्या घरून पदार्थ करून आणले होते. भाजलेले हॅम, पालक, कुस्करलेला बटाटा, कोबीची कोशिंबीर, पाव, केक, फळे आणि दोन प्रकारचे आइस्क्रीम, एक व्हॅनिलाचे व दुसरे चॉकलेटचे. सारे पदार्थ टेबलावर मांडून ठेवले होते आणि संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा तो येऊन जेवत होता.

त्याच रात्री गावात उलट्या सुरू झाल्या. मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. ताप मात्र कोणालाच नाही. दुसऱ्या दिवशी गावच्या आरोग्याधिकाऱ्याने वर कळवले आणि चौकशीसाठी डॉ. रुबिन यांना पाठवण्यात आले. हे डॉ. रुबिन त्या वेळी साथरोगतज्ज्ञाचे शिक्षणच घेत होते. एवढ्यात बरेचसे रोगी बरेही होत आले होते. कोणी दगावले नाही. म्हणजे तसे पाहिले तर प्रसंग किरकोळच. पण साथीच्या रोगांची चौकशी कशी करावी हे शिकवताना जगभर जी उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवून घेतली जातात, त्यांत लायकमिंगच्या या जेवणाचा मान मोठा आहे. का, ते आकड्यांवरून कळेल.

जेवायला सुमारे ८० माणसे आली होती. त्यांपैकी ७५ जणांची गाठ घेता आली आणि त्यांत ४६ जण आजारी पडलेले निघाले. आता नेहमीच्या पद्धतीने आपण काय केले असते? या ४६ जणांना विचारले असते, ‘काय काय खाल्ले?’ ४६ पैकी २९ जणांनी हॅम खाल्ले होते. २९ म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त! शिवाय मांसाहारी पदार्थ, लवकर नासणारा. गावात तेवढ्यावर निकाल लागला असता आणि ज्या घरून हॅम आले त्या घराला तोंड दाखवणे मुश्कील झाले असते.

डॉ. रुबिन यांनी उरलेल्या २९ जणांनाही तेच प्रश्न विचारले. जे जेवले पण आजारी पडले नाहीत, असे हे २९ जण. मग हिशेब असा मांडता आला : हॅम खाणारे एकूण ४६, त्यांत आजारी २९, म्हणजे शेकडा ६३. हॅम न खाणारे २९, त्यांत आजारी १७, म्हणजे शेकडा ५९. खाल्ले काय आणि न खाल्ले काय, फरक जवळजवळ शून्य. हॅम निर्दोष ठरले. व्हॅनिला आइस्क्रीमचा हिशेब मात्र वेगळा निघाला. ते खाणारे ५४, त्यांत आजारी ४३, म्हणजे शेकडा ८०. न खाणारे २१, त्यांत आजारी फक्त ३, म्हणजे शेकडा १४.

पुढे कळले ते असे. आइस्क्रीमसाठी दूध, साखर व अंडी यांचे मिश्रण आदल्या दिवशी तापवून तयार केले होते आणि ते झाकून चर्चच्या तळघरात रात्रभर तसेच, बर्फाविना ठेवले होते. ते करणाऱ्या बाईंच्या नाकाघशातील स्रावात स्टॅफिलोकॉकस जातीचे सूक्ष्मजंतू सापडले. हे जंतू अन्नात वाढताना विष तयार करतात. जेवणानंतर अवघ्या काही तासांत उलट्या आणि ताप नाही, हे लक्षणही त्याच्याशी जुळणारे होते.

शिक्षकांनी हे गणित नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर जरूर मांडून पाहावे. त्यात शेकडेवारीपलीकडे काही नाही. चतुर विद्यार्थ्यांसाठी एक खोच सांगतो. चॉकलेट आइस्क्रीम खाणाऱ्या ४७ जणांत २५ आजारी पडले (शेकडा ५३) आणि न खाणाऱ्या २७ जणांत २० (शेकडा ७४). मग चॉकलेट आइस्क्रीम हे औषध होते की काय? आणि व्हॅनिला न खाताही जे तिघे आजारी पडले, त्यांचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की ज्यांनी चॉकलेटचे घेतले नाही ते बहुधा व्हॅनिलाकडे वळले. दुसऱ्याला एकच एक उत्तर नाही. कोणी विसरला असेल, कोणी दुसऱ्याचा चमचा चाटला असेल, कोणाचे पोट वेगळ्याच कारणाने बिघडले असेल. खऱ्या माहितीत असे तीनजण उरतातच, आणि ते उरले म्हणून निष्कर्ष कोलमडत नाही, हेही शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे ‘लग्नाच्या जेवणातून विषबाधा, दीडशे जण रुग्णालयात’ अशी बातमी दर उन्हाळ्यात वाचायला मिळते. बासुंदीवर नाहीतर श्रीखंडावर ठपका ठेवलेला असतो. बासुंदी खाऊनही धडधाकट राहिलेले किती, हा आकडा बातमीत कधी नसतो. त्याशिवाय दीडशेला काही अर्थ नाही, हे सांगणाराही बहुधा जवळ नसतो.

कारण ही दृष्टी आपोआप येत नाही. डॉक्टरला सवय असते समोरच्या रोग्याकडे पाहण्याची. निरोगी माणूस त्याच्या दवाखान्यात येतच नाही. रोग्याभोवतीच्या निरोगी माणसांना मोजायचे, त्यांच्या घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे, हे मुद्दाम शिकवावे लागते. हे शिकवण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू होऊन आता शंभर वर्षे झाली आहेत.

अमेरिकेत त्याचा मोठा वाटा वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांचा. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९२१ मध्ये ते साथरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले. व्याख्याने देऊन हा विषय समजत नाही असे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून प्रत्यक्ष घडलेल्या साथींची कच्ची माहिती, म्हणजे तारखा, घरे, वये, पाण्याचा वा दुधाचा पुरवठा, ते विद्यार्थ्यांपुढे ठेवत आणि साथ कशी पसरली ते त्यांनाच शोधून काढायला लावत. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा, तशी साथरोगशास्त्राला ही आकड्यांची प्रयोगशाळा.

फ्रॉस्ट १९३८ मध्ये वारले. त्यानंतर लवकरच त्या विद्यापीठात शिकून बाहेर पडलेले अलेक्झांडर लँगम्यूर हे या कथेतले मुख्य पात्र. १९४९ मध्ये ते अटलांटा शहरातील सीडीसी या सरकारी संस्थेत प्रमुख साथरोगतज्ज्ञ म्हणून आले. ही संस्था मुळात युद्धकाळात दक्षिणेकडच्या लष्करी छावण्यांभोवती मलेरियाला आळा घालण्यासाठी काढलेल्या कार्यालयातून १९४६ साली जन्मली होती. डीडीटी फवारणे हे तिचे मुख्य काम. मलेरियाचा नोंदवलेला प्रत्येक रोगी खरोखरच मलेरियाचा आहे का, अशी तपासणी त्या सुमारास सुरू झाली आणि आकडे धडाधड घसरले. मलेरिया त्या भागातून जवळजवळ गेलेला होता. कागदावर उरला होता, एवढेच. मोजण्याआधी ‘रोगी कोणाला म्हणायचे’ याची व्याख्या ठरवली पाहिजे, हा धडा लँगम्यूर यांच्या शिकवणीत पुढे कायम राहिला.

त्यांची खरी अडचण वेगळी होती. साथ उद्भवली की पाठवायला माणसे नव्हती. हुशार तरुण डॉक्टरांना सरकारी आरोग्यखात्याच्या नोकरीचे आकर्षण तेव्हाही नव्हते. अशात जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले. शत्रू रोगजंतूंचा हल्ला करील अशी भीती अमेरिकेत पसरली. लँगम्यूर यांनी ती संधी साधली. जंतूंचा हल्ला झाला तर तो प्रथम ओळखणार कोण? नेहमीची साथ आणि मुद्दाम पसरवलेली साथ यांतला फरक सांगायलाही नेहमीच्या साथी ठाऊक असलेली माणसे हवीत. या युक्तिवादावर पैसे मिळाले आणि १९५१ मध्ये ‘एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस’ सुरू झाली. आपण तिला साथींचे हेरखाते म्हणू. त्या काळी डॉक्टरांना सक्तीची लष्करी सेवा होती आणि या खात्यातली दोन वर्षे त्याऐवजी धरली जात. त्यामुळे उत्तम गुणांचे तरुण आपसूक येऊ लागले. पहिल्या तुकडीत २२ डॉक्टर आणि एक आरोग्य अभियंता असे २३ जण होते.

जंतूंचा हल्ला काही झाला नाही. भीतीतून निघालेल्या संस्थेचे असे चीज व्हावे, हे क्वचितच घडते!

लँगम्यूर यांची शिकवण्याची रीत म्हणजे पोहायला शिकवताना पाण्यात ढकलण्याची होती. उन्हाळ्यात काही आठवडे वर्ग. त्यांत साथींच्या चौकशीची उदाहरणे आणि त्यांच्या जोडीला संख्याशास्त्र. लायकमिंगचे जेवण पुढे या अभ्यासक्रमाचा ठेवणीतला धडा झाला. माहिती एकदम न देता तुकड्यातुकड्याने द्यायची आणि दर टप्प्यावर विचारायचे, ‘आता तुम्ही काय कराल?’ एवढे झाले की दोन वर्षांची नेमणूक. कोठूनही बोलावणे आले की सामान उचलून निघायचे. या खात्याचे बोधचिन्ह मोठे बोलके आहे. पृथ्वीच्या गोलावर बुटाचा तळवा, आणि त्या तळव्याला झिजून पडलेले भोक.

या माणसांची पहिली मोठी कसोटी चार वर्षांतच लागली. पोलिओची तेव्हा अमेरिकेत केवढी दहशत होती, याची आज कल्पना येणार नाही. १९५२ या एका वर्षात तेथे सुमारे ५८ हजार लोकांना पोलिओ झाला होता. १२ एप्रिल १९५५ रोजी जोनास साल्क यांची लस सुरक्षित व गुणकारी असल्याचे जाहीर झाले. लोकांनी अक्षरशः चर्चच्या घंटा वाजवल्या. त्याच दिवशी लशीला परवाने मिळाले आणि निरनिराळ्या कंपन्यांची लस लाखो मुलांना टोचली जाऊ लागली. दोन आठवडेही झाले नाहीत तोच लस टोचलेल्या काही मुलांना लुळेपणा आल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

येथे विचार करण्यासारखे आहे. एवढ्या मुलांना लस टोचली तर त्यांपैकी काहींना त्या पंधरवड्यात पोलिओ होणारच होता, लस टोचली नसती तरीही. लस टोचल्यावर पोलिओ झाला म्हणजे लशीमुळे झाला, असे म्हणता येत नाही. उलट, तो योगायोग म्हणून सोडून द्यावा आणि लसच दूषित असावी, तर रोज आणखी मुले पांगळी होणार. आणि घाबरून सगळीच लस कायमची बंद केली तर येत्या उन्हाळ्यातल्या साथीत हजारो मुले उघडी पडणार. निर्णय काही दिवसांत हवा होता.

२७ एप्रिलला कटर या कंपनीची लस बाजारातून काढून घेण्यात आली. दुसऱ्याच दिवशी सीडीसीत पोलिओवर नजर ठेवणारे पथक उभे राहिले. लँगम्यूर यांच्या हाताखालचे नील नॅथनसन हे तरुण अधिकारी ते सांभाळत होते. राज्याराज्यांतून फोनने व तारेने माहिती येऊ लागली आणि तिचा अहवाल रोजच्या रोज निघू लागला. प्रत्येक रोग्याबद्दल विचारले जाई : लस कोणत्या कंपनीची, कोणत्या घाण्यातली, कोणत्या तारखेला टोचली, लुळेपणा कधी आला, आणि कोणत्या अवयवाला. चित्र लवकरच स्पष्ट झाले. रोगी मुख्यतः कटरची लस टोचलेल्या मुलांत होते. इतर कंपन्यांची लस मिळून कितीतरी अधिक मुलांना टोचलेली असूनही त्यांच्यात तसा गठ्ठा दिसत नव्हता. लुळेपणा टोचल्यानंतर ठरावीक दिवसांनी येत होता. आणि एरवी पोलिओत पाय जास्त करून जातात. येथे ज्या दंडात सुई टोचली तोच हात जात होता.

७ मे रोजी सगळेच लसीकरण थांबवण्यात आले, तपासणीचे नियम कडक झाले आणि नंतर ते पुन्हा सुरू झाले. कटरच्या काही घाण्यांत विषाणू पूर्ण मारले गेले नव्हते. त्यातून, घरच्या व शेजारच्या संसर्ग झालेल्यांसकट, सुमारे २०० जणांना लुळेपणा आला आणि १० दगावले. ही किंमत भयंकरच होती. पण दोष लशीच्या कल्पनेत नसून काही घाण्यांत आहे, हे आकड्यांनी दाखवले नसते, तर साल्क यांची लस त्याच वर्षी बदनाम होऊन संपली असती, असे मला वाटते.

या हेरखात्यात बुटांचे तळवे झिजवणाऱ्यांबरोबर एका जागी बसून आकडे पाहणारेही होते, आणि त्यांचे नाव सहसा घेतले जात नाही. रॉबर्ट सर्फ्लिंग हे त्यांपैकी एक. इन्फ्लुएंझाने किती माणसे दगावतात हे मोजणे फार अवघड. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असतो, हृदयविकार लिहिलेला असतो. इन्फ्लुएंझाची तपासणी झालेलीच नसते. सर्फ्लिंग यांनी अमेरिकेतील शंभरावर शहरांतले न्यूमोनिया व इन्फ्लुएंझाचे दर आठवड्याचे मृत्यू घेतले. हे मृत्यू दर हिवाळ्यात वाढतात व उन्हाळ्यात कमी होतात. साथ नसलेल्या काळातले आकडे घेऊन त्यांनी या चढउताराची एक लाट काढली. साथ नसती तर या आठवड्यात एवढे मृत्यू झाले असते, असे ती लाट सांगते. प्रत्यक्ष मृत्यू तिच्या बरेच वर गेले की साथ आली, आणि जेवढे वर तेवढे साथीचे बळी. ही पद्धत त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. २०२० नंतर कोविडच्या काळात ‘अतिरिक्त मृत्यू’ हा शब्द घरोघर पोचला, त्याच्या मुळाशी हीच युक्ती आहे. लायकमिंगमध्ये आइस्क्रीम न खाणाऱ्यांशी तुलना केली. सर्फ्लिंग यांनी साथ नसलेल्या वर्षांशी केली.

आता आपल्याकडे वळू. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी आणि आसपास गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. परदेशांनी विमाने बंद केली. ताप आणि खोकला असलेला जो तो संशयित ठरत होता. रोगी नेमका कोणाला म्हणायचे याची घट्ट व्याख्या पाळली गेली नाही, आणि प्रयोगशाळेतील पुरावा वेळेवर पुरेसा मिळाला नाही. हा प्लेग होता की नव्हता, असा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. जंतूंच्या जनुकांच्या तपासणीतून तो प्लेगच होता असे नंतर दिसले. पण ज्या आठवड्यात उत्तर हवे होते त्या आठवड्यात ते नव्हते.

देशात साथरोगतज्ज्ञ नव्हते असे नाही. दिल्लीची राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था १९६३ पासून होती आणि देवीच्या निर्मूलनात भारतीय आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन जे शोधकाम केले, ते पाहायला परदेशी हेरखात्याची माणसेही येथे येऊन शिकून गेली होती. पण जिल्ह्याच्या पातळीवर अशी माणसे नव्हती. पुढे २००१ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, ज्यात विद्यार्थी बहुतेक काळ आपल्या कामाच्या ठिकाणीच असतो. २००४ मध्ये रोगांवर एकात्मिक नजर ठेवण्याचा देशव्यापी प्रकल्प आला. आणि २०१२ मध्ये दिल्लीच्या त्याच संस्थेत, जिचे नाव आता राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र झाले आहे, भारताचे स्वतःचे साथींचे हेरखाते सुरू झाले.

त्याच्या पहिल्या तुकड्यांच्या वाट्याला आले बिहारमधील मुजफ्फरपूर. तेथे १९९५ पासून मे-जूनमध्ये लहान मुले अचानक आजारी पडत. रात्री धडधाकट झोपलेले मूल पहाटे झटके येऊन बेशुद्ध व्हायचे आणि कित्येकदा काही तासांत दगावायचे. पाऊस सुरू झाला की साथ आपोआप थांबे. याला मेंदूज्वर म्हणत. जपानी मेंदूज्वर, उष्माघात, कीटकनाशके अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. हाच हंगाम लिचीचा, आणि मुजफ्फरपूर म्हणजे लिचीचे आगर. लिचीकडे बोट दाखवणारेही होते. डॉ. टी. जेकब जॉन आणि मुकुल दास या भारतीय शास्त्रज्ञांनी लिचीतील एका विषारी द्रव्याकडे आणि रक्तातील साखर उतरण्याकडे लक्ष वेधले होते. पण त्या दिवसांत तेथे लिची कोण खात नाही? आजारी मुलांपैकी बहुतेकांनी लिची खाल्ली होती, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. लायकमिंगच्या हॅमसारखेच.

२०१४ च्या २६ मे ते १७ जुलै या काळात तेथील दोन रुग्णालयांत अशी ३९० मुले दाखल झाली. त्यांपैकी १२२ दगावली. चौकशी पथकाने १०४ आजारी मुले निवडली आणि त्याच वयाची, त्याच रुग्णालयांत दुसऱ्याच काही आजारासाठी आलेली १०४ मुले तुलनेसाठी घेतली. दोन्हीकडे प्रश्न तेच : आदल्या चोवीस तासांत काय खाल्ले, कोठे खेळले, रात्री जेवले का? तुलनेअंती दिसले की लिची खाण्याचा आजाराशी संबंध फार घट्ट आहे. मुलांच्या आजारी पडण्याची शक्यता दर्शवणारे गुणोत्तर ९.६ आले. रात्री न जेवण्याचे गुणोत्तर २.२ होते. खरे मर्म मात्र या दोहोंच्या गाठीत होते. रात्री जेवलेल्या मुलांत लिचीचे गुणोत्तर ३.६ होते, न जेवलेल्यांत ते ७.८ वर गेले. दाखल झालेल्या ज्या ३२७ मुलांची रक्तातील साखर मोजली होती, त्यांपैकी २०४ मुलांत ती ७० किंवा त्याहून कमी होती. ७३ आजारी मुलांच्या लघवीपैकी ४८ नमुन्यांत लिचीतील विषांचे अंश मिळाले; तुलनेच्या १५ मुलांपैकी एकाच्याही नाही.

उपाशी मुलाच्या यकृतातील साखरेचा साठा पहाटेपर्यंत संपतो. एरवी शरीर मग चरबीतून शक्ती मिळवते व साखरही तयार करते. लिचीतील ही द्रव्ये नेमका तोच मार्ग अडवतात. जेवलेल्या मुलाला त्या मार्गाची गरजच पडत नाही.

हे निष्कर्ष २०१७ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले. काही डॉक्टरांनी आक्षेप घेतला, की लिचीला फार दोष दिला जातो आहे आणि कुपोषण व उन्हाळा बाजूला पडतो आहे. आक्षेपात तथ्य आहे. रात्री न जेवण्याचा आकडा अहवालातच आहे, पण वर्तमानपत्रांनी मथळे लिचीचे दिले. उपाय मात्र साधे निघाले. मुलांना रात्री जेवल्याशिवाय झोपू द्यायचे नाही, लिची कमी खाऊ द्यायची, आणि झटके आलेले मूल आणताच प्रथम साखर मोजून ग्लुकोज द्यायचे. पुढची काही वर्षे रोगी पुष्कळ कमी झाले. २०१९ च्या जूनमध्ये मात्र पुन्हा शंभराहून अधिक मुले गेली. त्यांतली बहुतेक अत्यंत गरीब घरांतली होती. त्या वर्षी चौकशीला गेलेल्या माणसांच्या प्रश्नावलीतही तो प्रश्न होता, आणि तो आजारी नसलेल्या मुलांच्या आयांनाही विचारला जात होता : काल रात्री हा जेवला होता का?